स्त्री-स्त्री प्रेमकथांतील प्रतीके व पूर्वसूचन

दोन स्त्रियांमधील प्रेम हा ज्या कथा, नाटके, चित्रपट व चित्रकथांचा विषय आहे, त्यांत प्रतीके आणि पूर्वसूचन ही दोन साधने विशेष महत्त्वाची ठरली आहेत. जपानमध्ये अशा कथांचा ‘युरी’ हा स्वतंत्र साहित्यप्रकार विसाव्या शतकात घडत गेला आणि त्यातील फुले, पत्रे, गणवेश, रंगमंच, रेल्वे स्थानक ही चिन्हे वाचकांच्या परिचयाची झाली. मराठीत असा वेगळा प्रकार निर्माण झाला नाही. तथापि विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) हे नाटक याच चिन्हांचा आधार घेते आणि त्यांचा विचार करताना मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण तेच आहे.

या कथांत प्रतीक केवळ शोभेसाठी येत नाही. जे उघड बोलण्याची सोय पात्रांना नाही, ते प्रतीक वाहून नेते. पण एकदा ते चिन्ह दुसऱ्या कोणी ओळखले की तेच पात्रांवर उलटते. त्यामुळे येथे प्रतीक आणि पूर्वसूचन एकमेकांपासून फारसे वेगळे काढता येत नाहीत. लपवण्यासाठी योजलेली वस्तूच पुढील आपत्तीची पहिली खूण असते.

संज्ञा

पुढे घडणाऱ्या घटनेची चाहूल आधीच्या प्रसंगात, संवादात किंवा वस्तूत पेरून ठेवणे म्हणजे पूर्वसूचन. ही कल्पना भारतीय नाट्यविचाराला नवी नाही. नांदीने नाटकाच्या विषयाचे सूचन करावे अशी अपेक्षा असे, कथानकाचे मूळ ‘बीज’ म्हणून आरंभी रुजवले जाई आणि एका अर्थाने बोललेल्या शब्दांतून दुसराच, पुढे खरा ठरणारा अर्थ निघण्याच्या योजनेला नाट्यशास्त्रात ‘पताकास्थानक’ असे नाव आहे. कालिदासाच्या शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात पडद्याआडून चक्रवाकीला जोडीदाराचा निरोप घेण्यास सांगितले जाते, कारण रात्र आली आहे. शब्द पक्षिणीला उद्देशून आहेत, सावध व्हायचे आहे ते शकुंतलेने. ज्यांना समाजाची मान्यता नाही अशा प्रेमिकांना इशारा आडूनच द्यावा लागतो, हे या जुन्या उदाहरणातही दिसते.

‘युरी’ या जपानी शब्दाचा अर्थ लिली, म्हणजे एक कंदफूल. ‘बाराझोकु’ या समलिंगी पुरुषांसाठीच्या नियतकालिकाचे संपादक इतो बुनगाकु यांनी १९७६ मध्ये आपल्या स्त्री वाचकांच्या पत्रांच्या सदरासाठी ‘युरीझोकु’, म्हणजे लिलीचे कुळ, असा शब्द वापरला. ‘बारा’ म्हणजे गुलाब. गुलाबाच्या जोडीला लिली आली, आणि पुढे हे नाव साहित्यप्रकाराला चिकटले. प्रकाराचे नावच एक प्रतीक असण्याचे हे उदाहरण विरळा म्हणावे लागेल.

जपानी परंपरा

युरीची मुळे योशिया नोबुको (१८९६–१९७३) यांच्या ‘हाना मोनोगातारी’ या कथामालेत शोधली जातात. १९१६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या मालेच्या नावाचा अर्थ ‘फुलांच्या गोष्टी’ असा आहे आणि तिच्यातील प्रत्येक कथेला एका फुलाचे नाव आहे. मुलींच्या शाळा, वसतिगृहे, एकमेकींना लिहिलेली पत्रे आणि वियोग हे तिचे जग. विद्यार्थिनींमधील अशा उत्कट मैत्रीला त्या काळी ‘एस’ म्हणत. ते ‘सिस्टर’ या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. शाळा संपेपर्यंत ती मैत्री चालवून घेतली जाई, पदवीनंतर मुलीने विवाह करावा हे गृहीत असे. फुलाचे प्रतीक या व्यवस्थेला तंतोतंत लागू पडते. फूल सुंदर असते, निष्पाप मानले जाते आणि त्याचा हंगाम ठरलेला असतो. कथेला फुलाचे नाव दिले की शेवट शीर्षकातच सांगून होतो.

योशिया यांनी स्वतः मात्र वेगळे आयुष्य काढले. मोन्मा चियो या सहचारिणीबरोबर त्या सुमारे अर्धशतक राहिल्या आणि १९५७ मध्ये त्यांनी चियो यांना कायदेशीररीत्या दत्तक घेतले, कारण दोघींना एक कुटुंब ठरवणारी दुसरी वाट कायद्यात नव्हती. त्यांच्या ‘माळ्यावरच्या दोन कुमारिका’ (१९१९) या कादंबरीत दोघी नायिका शेवटी एकत्र बाहेर पडतात. म्हणजे शोकान्त हा या परंपरेचा एकमेव पर्याय आरंभापासूनच नव्हता, जरी पुढची काही दशके तोच प्रबळ राहिला.

चित्रकथांमध्ये, म्हणजे मांगामध्ये, यामागिशी र्‍योको यांची ‘शिरोई हेया नो फुतारी’ (१९७१) ही या प्रकारातील सुरुवातीची कथा मानली जाते. फ्रान्समधील एका निवासी शाळेत एकाच खोलीत राहणाऱ्या रेसीन आणि सिमोन यांची ही कहाणी सिमोनच्या मृत्यूने आणि रेसीनच्या एकाकीपणाने संपते. तिच्यानंतर एक साचाच तयार झाला. एक मुलगी उंच, गडद केसांची, बेदरकार. दुसरी नाजूक, उजळ केसांची, शाळेत नवी. पहिल्या पानावर हे रूप पाहताच कोण वाचणार नाही हे सरावलेल्या वाचकाला समजू लागले. येथे पूर्वसूचन घटनांतून होत नाही, केसांच्या रंगातून होते.

कोन्नो ओयुकी यांच्या १९९८ पासूनच्या ‘मारियासामा गा मितेरु’ या कादंबरीमालेने हा साचा सौम्य केला. कॅथलिक मुलींच्या शाळेत वरच्या वर्गातील मुलगी खालच्या वर्गातील मुलीला जपमाळ देऊन ‘बहीण’ मानते. पहिल्या प्रसंगात मेरीच्या पुतळ्यासमोर साचिको ही युमीचा गळपट्टा नीट करते. एवढ्याशा स्पर्शात पुढील संपूर्ण नात्याची दिशा आहे: एक सावरणारी, एक गोंधळलेली, आणि वरून पाहणारी तिसरी नजर. याच मालेत सेई आणि शिओरी यांची कथा येते. दोघी पळून जायचे ठरवतात आणि सेई रेल्वे स्थानकावर वाट पाहत राहते. शिओरी येत नाही.

‘मित्राची गोष्ट’

तेंडुलकरांचे हे नाटक १९८१ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी मित्राची भूमिका केली. दोन स्त्रियांमधील प्रेम हा ज्याचा उघड आणि मध्यवर्ती विषय आहे अशा भारतीय नाटकांत त्याची गणना अगदी आरंभीच्या नाटकांत होते. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन वातावरणात ते घडते. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा, तिची प्रेयसी नमा, नमावर हक्क सांगणारा मन्या दळवी, मित्राच्या प्रेमात पडलेला पांडे आणि या सर्वांची हकिगत सांगणारा बापू ही त्यातील प्रमुख पात्रे.

शीर्षकापासूनच नाटक दुहेरी बोलते. मराठीत ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप ‘मित्रा’ होते आणि ‘मित्रा’ या स्त्रीच्या नावालाही प्रत्यय लागताना रूप तेच राहते. त्यामुळे ‘मित्राची गोष्ट’ म्हणजे एका पुरुष मित्राची गोष्ट की मित्रा नावाच्या मुलीची, हे नुसत्या शब्दांवरून ठरत नाही. ‘सु’ हा उपसर्ग गळून उरलेले हे नाव पुरुष आणि स्त्री यांच्या सीमेवर उभे आहे. शिवाय बापूच्या दृष्टीने ती खरोखरच त्याचा मित्र आहे, ‘मैत्रीण’ या शब्दाला तेव्हाच्या महाविद्यालयात जी छटा होती ती वगळून. ‘गोष्ट’ हा शब्दही कथा आणि बाब अशा दोन्ही अर्थांनी घेता येतो. ‘ती गोष्ट’ बोलण्यासारखी नाही, असेही मराठीत म्हटले जाते. गौरी रामनारायण यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकात ‘एका मित्राची कथा’ एवढाच अर्थ उतरतो. नावातील लिंगाची संदिग्धता त्यात राहत नाही, आणि हा दोष भाषांतरकर्त्याचा नसून इंग्रजीत विभक्तीचे असे रूपच नसण्याचा आहे.

दुसरे महत्त्वाचे प्रतीक म्हणजे नाटकातील नाटक. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात बसवल्या जाणाऱ्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, नमा तिची नायिका असते आणि या तालमींच्या निमित्ताने मित्राला स्वतःच्या भावनेची खूण पटते. रंगमंचावर तिला नमाशी जे बोलण्याची मुभा आहे, ते पुरुषाच्या कपड्यांत आहे म्हणून. ज्या मराठी प्रेक्षकाने पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिकांचे पिढ्यान्‌पिढ्या कौतुक केले, बालगंधर्वांच्या नेसण्या-मिरवण्याचे अनुकरण घराघरांत होऊ दिले, त्या प्रेक्षकापुढे ही उलट बाजू मांडली जाते. रंगभूषा उतरली की भूमिका संपते, हा रंगभूमीचा अलिखित करार आहे. मित्राची भूमिका संपत नाही आणि पुढील सर्व अनर्थ याच एका फरकातून उद्भवतो. प्रेक्षकाला तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो तालमीतील उत्साहच वाटतो.

तिसरे प्रतीक बापूची खोली. मित्रा व नमा यांना भेटण्यासाठी जागा नाही. बापू आपली खोली देतो. कथेत खोलीचा मालक प्रेमिकांपैकी कोणीही नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांचे एकांत उसने आहे आणि उसने दिलेले केव्हाही परत मागता येते. यामागिशी यांच्या शीर्षकातील ‘पांढरी खोली’ दोन मुलींची होती. तेंडुलकरांच्या नाटकात तेवढीही मालकी नाही. नाटकात खोली हा मैत्रीचा पुरावा म्हणून येतो आणि मैत्री तुटण्याचे कारणही तीच ठरते.

मग पत्र. मित्राने नमाला लिहिलेला मजकूर दळवीच्या हाती लागतो आणि धमकावण्याचे हत्यार बनतो. योशियांच्या कथांत पत्र हे दोघींमधील सुरक्षित जग होते. येथे तेच पहिले फुटते. पत्र लिहिले जाते तेव्हाच त्याला दुसरा वाचक संभवतो, ही शक्यता नाटक फार आधी जाणवून देते. दळवीची नमावरील मालकीची भाषा ऐकल्यावर कागद कोणाच्या खिशात जाणार याबद्दल फारसे कुतूहल उरत नाही, भीती उरते.

या नाटकातील पूर्वसूचनाचे सर्वांत परिणामकारक साधन मात्र निवेदन हेच आहे. बापू घडून गेलेले सांगतो. आठवणीचा सूर आरंभापासून असल्याने जे दिसते आहे ते आता उरलेले नाही, ही जाणीव प्रत्येक प्रसंगावर पसरते. मित्राने पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, पुरुषाबरोबर आपण सुखी होऊ शकणार नाही हे तिने स्वतःची परीक्षा घेऊन ओळखले होते, हे ती बापूला विश्वासाने सांगते. शेवटी नमा दुरावते, मित्रा मद्याच्या आहारी जाते आणि जीव देते. पहिला प्रयत्न हा दुसऱ्याचे सूचन आहे असे म्हणून समीक्षेत अनेकदा विषय संपवला जातो. तो तेवढ्यावर संपत नाही. पहिल्या प्रयत्नानंतर ती बोलली आणि ऐकणारा बापू होता. दुसऱ्या वेळी बापूने पाठ फिरवलेली आहे. नाटकाने जे पेरले ते मित्राच्या ‘स्वभावातील’ मरण नसून ऐकणारा माणूस उरला नाही तर काय होईल, हे आहे. बापूने चिन्हे सर्व पाहिली, त्याला त्यांचा अर्थ उशिरा लागला, आणि त्याचे निवेदन हे या उशिराचेच निवेदन आहे.

नाटकाच्या मर्यादाही आहेत. नमाला स्वतःचा आवाज फार कमी आहे. मित्राला पुरुषी ठसा आणि नमाला दुबळेपणा देताना तेंडुलकर त्या काळच्या ठरीव कल्पनांपलीकडे गेलेले नाहीत, असा आक्षेप घेता येतो. तो रास्त आहे.

इतर भारतीय उदाहरणे

इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ (१९४२) ही उर्दू कथा या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध भारतीय कथा होय. लेखिका मुंबईत राहत असताना तिच्यावर लाहोर येथे अश्लीलतेचा खटला भरला गेला. कथेत आक्षेपार्ह म्हणून दाखवता येईल असा शब्दच सापडेना, आणि खटला टिकला नाही. रजई आणि भिंतीवर हलणारी तिची हत्तीसारखी सावली यांनी सर्व काही सांगितलेले होते. निवेदिका प्रौढ आहे, पण पाहणारी ती लहान मुलगी आहे. बापूप्रमाणेच तिला दिसते अधिक आणि कळते कमी. न समजणाऱ्या साक्षीदाराची ही योजना दोन्ही कलाकृतींना समान आहे.

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) हा चित्रपट शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारित असून त्याची पटकथा तेंडुलकरांचीच आहे. महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधाचा त्यात उपकथानक म्हणून उल्लेख येतो. स्मिता पाटील यांनी साकारलेली अधीक्षिका त्या दोघींना शिक्षेऐवजी उपचाराची गरज आहे असे मानते. तेव्हाची उदार दृष्टी तेथपर्यंतच पोहोचत होती. उंबरठ्याचे प्रतीक चित्रपट नायिकेसाठी राखून ठेवतो, या दोघींना ते मिळत नाही.

दीपा मेहता यांच्या ‘फायर’ (१९९६) या चित्रपटात राधा व सीता ही जावांची नावेच अर्थभारित आहेत. हिंदी आवृत्तीत सीतेचे नाव नीता करण्यात आले. अग्निपरीक्षेचा प्रसंग चित्रपटात आधी रामकथेच्या रूपाने दाखवला जातो आणि शेवटी स्वयंपाकघरात राधेच्या साडीला आग लागते. प्रेक्षक मृत्यूची तयारी करतो, राधा वाचते. आरंभी मोहरीच्या शेतात आई लहान राधेला न दिसणारा समुद्र पाहायला सांगते, तो धागाही शेवटी पूर्ण होतो. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबई व दिल्ली येथील चित्रपटगृहांवर हल्ले झाले आणि चित्रपट पुन्हा परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवला गेला. तो पुढील वर्षी काटछाटीविना पुन्हा प्रदर्शित झाला.

मराठी घराण्यातील, मुंबईत जन्मलेल्या आणि पुढे कॅनडा व इंग्लंडमध्ये राहिलेल्या सुनीती नामजोशी यांनी इंग्रजीत लिहिताना वेगळाच मार्ग धरला. त्यांचा ‘फेमिनिस्ट फेबल्स’ हा संग्रह ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आली त्याच वर्षी, १९८१ मध्ये, प्रसिद्ध झाला. पंचतंत्राच्या वळणाच्या या छोट्या कथांत पशुपक्षी बोलतात. ‘द कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काऊ’ (१९८५) मधील भद्रावती ही गाय ब्राह्मणी आहे आणि स्त्रियांवर प्रेम करणारीही आहे. येथे चिन्ह लपवण्यासाठी नाही, वाचकाची गंमत करण्यासाठी आहे, आणि त्यामुळे ते मरणाची सूचनाही देत नाही.

रवी जाधव दिग्दर्शित ‘मित्रा’ हा कृष्णधवल लघुपट तेंडुलकरांच्या कथेवर आधारित आहे. वीणा जामकर, मृण्मयी देशपांडे व संदीप खरे यांच्या त्यात भूमिका आहेत. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट लघुकथापट ठरला आणि २०१५ मध्ये ‘बायोस्कोप’ या चार लघुपटांच्या मालिकेतून प्रदर्शित झाला. त्यातील काळ १९४७ चा, देश स्वतंत्र होण्याच्या वेळचा आहे. स्वातंत्र्याची पार्श्वभूमी हेच त्यातील मोठे प्रतीक. कोणाला स्वातंत्र्य मिळणार आणि कोणाला नाही, हा प्रश्न पात्रांनी विचारावा लागत नाही. लघुपट आला तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ लागू होते. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

शेवट बदलण्याची शक्यता

एकविसाव्या शतकातील युरीत जुनीच चिन्हे राहिली, त्यांच्यावरून वाचकाने काढायचा निष्कर्ष मात्र बदलला. शिमुरा ताकाको यांच्या ‘आओई हाना’ (२००४–२०१३) या कामाकुरा शहरात घडणाऱ्या चित्रकथेत सुगिमोतो ही विद्यार्थिनी मुलींच्या शाळेच्या नाट्योत्सवात ‘वुदरिंग हाइट्स’मधील हीथक्लिफची भूमिका करते. मुली तिच्यावर भाळतात. मित्राशी तिचे साम्य उघड आहे, पण कथेची नायिका फुमी ही पुरुषवेशातील मुलगी नव्हे, ती प्रेक्षकांत बसलेली आहे. फुमीला स्वतःविषयी शंका नाही, तिचे प्रेम कोणत्याही वेशावर अवलंबून नाही आणि कथा तिला जोडीदार मिळवून देते.

नाकातानी निओ यांच्या ‘यागाते किमी नि नारु’ (२०१५–२०१९) या आठ खंडांच्या चित्रकथेत ही योजना आणखी पुढे जाते. तोको ही मृत थोरल्या बहिणीची हुबेहूब नक्कल करत जगणारी मुलगी. बहिणीचे अपुरे राहिलेले शालेय नाटक पूर्ण करण्याचा तिचा निश्चय असतो. कोयोमी लिहीत असलेल्या संहितेत स्मृती गमावलेली नायिका इतरांच्या आठवणींतील आपल्या जुन्या रूपांपैकी एक निवडते. वाचकाला हे तोकोचे भवितव्य आहे हे समजते, आणि तिच्यावर प्रेम करू लागलेल्या यूलाही समजते. यू जाऊन लेखिकेला शेवट बदलायला सांगते. पात्राने पूर्वसूचन वाचले, ते पटले नाही, म्हणून संहितेत दुरुस्ती करवून घेतली, असा हा प्रसंग आहे. मित्राच्या गोष्टीत असा हस्तक्षेप करू शकणारा एकच माणूस होता आणि तो निवेदक होता.

प्रतीकवाचनाच्या मर्यादा

अशा कथा वाचण्याचा सराव झालेला वाचक सर्वत्र खुणा शोधू लागतो. जपानी चित्रकथांत पानांच्या कडेला फुले काढण्याची पद्धत मुलींसाठीच्या सर्वच प्रेमकथांत आहे. तेथे लिली दिसली की युरी, असे समीकरण मांडता येत नाही. मराठीत हाच प्रश्न जात्यावरच्या ओव्यांबाबत येतो. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून गोळा केलेल्या ओव्यांच्या मोठ्या संग्रहात मैत्रिणीविषयीच्या ओव्याही आहेत. मैत्रिणीविषयीची ओढ आणि तिच्यापुढे मन मोकळे करणे ही भाषा बाहेरच्या वाचकाला प्रेमकथेची वाटू शकते. गाणाऱ्या स्त्रीने मात्र ते लपवलेले नाही. पहाटे, जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला हात लावणाऱ्या बाईसमोर तिने ते मोठ्याने म्हटले आहे. त्याला सांकेतिक ठरवण्याआधी ‘जिवाची मैत्रीण’ या शब्दांना त्या घरात, त्या गावात किती जागा होती, हे पाहावे लागते.